येते, म्हणायचं कुणाला?

जहाज मुरगावच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं, कारण धक्का मोकळा नव्हता. चाळीस दिवस अरबी समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून झालं होतं, शेवटचं स्टेशन उरकूनही दोन दिवस लोटले होते, बॅगा भरून केबिनच्या दाराशी आल्या होत्या, आणि आमच्या जागेवर दुसरंच कुठलं तरी जहाज माल उतरवत बसलं होतं. समोर उजवीकडे सड्यावरचे दिवे, त्यांच्या पायथ्याशी बंदराच्या क्रेन. डावीकडे झुआरीच्या मुखापलीकडे दोनापावलचे दिवे. आमच्यातल्या निम्म्या जणांची प्रयोगशाळा त्या दिव्यांतच कुठेतरी होती. 'उडी मारून पोहत जातो,' असं एक जण दर तासाला म्हणायचा. त्याला पोहता येत नव्हतं.

कधी नव्हे ती सगळ्यांच्या फोनला रेंज होती. जहाजावर उपग्रहामार्फत इ-मेल चालायची, पण मोजूनमापून. फोटो पाठवायचा म्हणजे चैन. आता चाळीस दिवसांचे मेसेज, लग्नपत्रिका, विजेची बिलं, कुणाकुणाच्या बाळांचे फोटो एकदम येऊन कोसळले. मेसमधला कॅरम त्या रात्री पहिल्यांदा रिकामा राहिला. टेबलाशी पंधरा माणसं आणि पंधराही जणांच्या माना खाली. कुक वाढताना दोनदा म्हणाला, 'आज मच्छी ताजी आहे.' कुणी वर पाहिलं नाही. आमची ताटातूट झाली ती त्या टेबलावर, असं मला अजूनही वाटतं. धक्क्यावर झाले ते नुसते सोपस्कार.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पीएच.डी. करत होते. पुढे संशोधन सुटलं, लिहिणं धरलं. पण एक खोड राहून गेली. अभ्यासाला गेलेली जहाजं परत येतात तेव्हा काय होतं, हे जो भेटेल त्याला विचारत राहायचं. निघतानाचं सगळ्यांना माहीत असतं. हार, नारळ, हिरवा झेंडा, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. परत येण्याचा फोटो फारसा कुणी काढत नाही. काढला तरी त्यात माणसं दमलेली, केस वाढलेले, आणि हातात थर्माकोलचे खोके.

खोक्यांवरून आठवले त्यांतले नमुने, आणि ते जिथे घेतले ती स्टेशनं. समुद्रात 'स्टेशन' म्हणतात तिथे काहीही नसतं. नकाशावर एक ठिपका. त्या ठिपक्यावर जहाज उभं करायचं आणि लोखंडी चौकटीत गोलाकार बसवलेल्या लांबुडक्या बाटल्या तारेने खाली सोडायच्या. चार हजार मीटर खोल असेल तर खाली जाऊन वर यायला अडीच-तीन तास. वाटेत हव्या त्या खोलीवर एकेका बाटलीची तोंडं मिटतात आणि तिथलं पाणी घेऊन ती वर येते. मग सगळे तिच्याभोवती गोळा होतात, पाण्याच्या टँकरभोवती हंडे घेऊन जमावं तसे. आधी प्राणवायूवाल्याचा मान, कारण हवा लागली की त्याचा नमुना बिघडतो. तो मान माझा होता. बाटलीत दोन रसायनं घालायची, बूच लावायचं, उलटसुलट करायचं. पाण्यात प्राणवायू असला की तपकिरी साका धरतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. तिथल्या पाण्यात साका पांढराच राहतो. हे मी पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. पण पहाटे तीन वाजता, डोळ्यांत झोप, आणि हातात ती दुधट बाटली धरल्यावर पोटात कसंसंच झालं. आपल्या पायांखाली आठ-नऊशे मीटर जाडीचा असा थर आहे, की जिथे बहुतेक मासे तग धरत नाहीत.

'आज पण पांढराच?' दारातून बोसन विचारायचा.

बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. जुन्या आगबोटींवर याच हुद्द्याला सारंग म्हणत. हा रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा. आयुष्य दोरखंड आणि विंच यांत गेलेलं, त्यातली शेवटची काही वर्षं अभ्यासाच्या जहाजावर. आमच्या शास्त्राशी त्याला देणंघेणं नव्हतं असं आम्ही धरून चाललो होतो. आमची चूक होती. कुठल्या स्टेशनवर पांढरं पाणी किती मीटरवर सुरू झालं, हे त्याला माझ्या वहीपेक्षा चांगलं आठवायचं. उत्तरेला हिवाळ्यात नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवांचा हिरवा थर धरतो, पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं दिसतं. तो थर आमच्या आधी त्यानेच दाखवला. त्याची तक्रार एकच होती, जेवणाची. कुक लांबचा, राजमा, छोले. 'महिनाभरात एकदा कुळथाची पिठी मिळाली असती तर मी तुम्हाला तळाची माती हातानं काढून दिली असती,' म्हणायचा.

शेवटच्या खोल स्टेशनवर एक खेळ असतो. जगभरच्या संशोधन जहाजांवर तो चालतो. थर्माकोलच्या पेल्यांवर रंगीत पेनांनी नावं, चित्रं काढायची, जाळीच्या पिशवीत घालून त्या चौकटीला बांधायचे आणि तळाशी धाडायचे. चार किलोमीटरवर दाब असतो वरच्यापेक्षा चारशे पटींच्या आसपास. थर्माकोलमधली हवा पिळून निघते. चहाचा पेला खाली जातो आणि भातुकलीतला पेला वर येतो. अक्षरंही त्याच मापात आखडलेली, मूळच्यापेक्षा रेखीव. बोसनने इतक्या वर्षांत हजारो वेळा ती तार सोडली होती, पेला कधी पाठवला नव्हता. त्या खेपेला आला आणि म्हणाला, 'एक द्या.' त्यावर त्याने एक माड काढला, मुलाचं नाव घातलं, आणि खाली लिहिलं, 'इयत्ता तिसरी'.

आपल्याकडे घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणतात. चुकून 'जातो' निघालंच तोंडातून, तर आई 'येतो म्हण' असं दरडावते. तेव्हा निघतानाची सोय भाषेने केलेली आहे. समुद्रावर निघालेला माणूसही 'येतो' म्हणतो आणि ते खरं असतं. पंचाईत परतताना होते. ज्या चाळीस माणसांबरोबर चाळीस दिवस एकाच लोखंडी डब्यात काढले, तीच माणसं त्याच जहाजावर पुन्हा कधीही एकत्र येणार नाहीत. त्यांना काय म्हणायचं? त्या जहाजाला काय म्हणायचं?

चार्ल्स डार्विनने हा प्रश्न सरळ सोडवला होता. पाच वर्षांत तो समुद्राला इतका विटला, की शेवटी निरोप घेण्याइतकंही प्रेम उरलं नव्हतं. त्याचं जहाज 'बीगल' २७ डिसेंबर १८३१ला इंग्लंडहून निघालं. सफर ठरली होती त्याहून कितीतरी जास्त लांबली. १८३६च्या उन्हाळ्यात एकदाचं घराकडे तोंड झालं, तर कॅप्टन फिट्झरॉयने मध्येच जहाज पुन्हा ब्राझीलकडे वळवलं, कारण त्याला रेखांशाची मोजमापं पडताळायची होती. त्या काळात बहिणीला लिहिलेल्या पत्रात डार्विनने समुद्राला आणि त्यावर तरंगणाऱ्या यच्चयावत जहाजांना शिव्या घातल्या आहेत. धक्का मिळत नाही म्हणून एक रात्र कुरकुरणाऱ्या आम्हा लोकांना हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

२ ऑक्टोबर १८३६च्या रात्री वादळी पावसात 'बीगल' फालमथला लागलं. डार्विन उतरला आणि मिळेल त्या गाडीने श्रूजबरीच्या वाटेला लागला. पोचला तेव्हा रात्र फार झालेली. घरी जाऊन सगळ्यांना उठवण्याऐवजी तो झोपला आणि सकाळी नाश्त्याच्या वेळी घरात शिरला. बाप डॉक्टर. त्याने पोराकडे एकवार पाहिलं आणि बहिणींकडे वळून म्हणाला, की याच्या डोक्याचा आकारच बदललाय. गळामिठीच्या आधी निदान!

मला त्या घरच्या कुत्र्याची गोष्ट जास्त आवडते. हा कुत्रा परक्यांवर धावून जाणारा. पाच वर्षं आणि दोन दिवसांनी डार्विन तबेल्याजवळ गेला आणि जुन्या पद्धतीने त्याला हाक मारली. कुत्र्याने शेपूट हलवली नाही, नाचला नाही; उठला आणि निमूट त्याच्यामागून फिरायला निघाला, जणू अर्ध्या तासापूर्वीच दोघं परतले होते. डार्विनने हे १८७१च्या ग्रंथात स्मरणशक्तीचा दाखला म्हणून दिलंय. त्या सफरीनंतर त्याने कधी ब्रिटनची बेटं सोडली नाहीत.

पण 'बीगल'च्या सफरीतली घरवापसी म्हटलं की सगळे डार्विनकडे बघतात, आणि मला आठवतो तो जेमी बटन. फिट्झरॉयने त्याच्या आधीच्या खेपेला, १८३०मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या टिएरा देल फ्युएगोहून चार स्थानिकांना उचलून इंग्लंडला नेलं होतं. त्यातल्या एका पोराच्या बदल्यात म्हणे शिंपल्याचं एक बटण दिलं. म्हणून त्याचं नाव जेमी बटन. त्याचं खरं नाव ओरुंदेलिको. चौघांतला एक इंग्लंडला पोचल्यावर देवी येऊन मेला. उरलेल्या तिघांना शाळेत घातलं, इंग्रजी शिकवलं, राजा-राणीपुढे उभं केलं. जेमीला हातमोजे आणि चकचकीत बुटांचं वेड लागलं. डार्विन ज्या सफरीवर गेला, तिचं एक काम या तिघांना घरी सोडणं हेही होतं.

जानेवारी १८३३मध्ये वुलया नावाच्या जागी जेमी उतरला. आई, भाऊ आले. डार्विन बघत होता. त्याने लिहिलं, की कुरणात सोडलेला घोडा जुन्या सोबत्याला भेटतो, त्यातही याहून जास्त ओलावा असतो. मला हे डार्विनचं बघणं तोकडं वाटतं. कारण पुढे त्यानेच लिहिलं आहे: जेमी आपली भाषा जवळजवळ विसरला होता. भावाशी तो इंग्रजीत बोलू लागला आणि मग त्याला समजत कसं नाही, असं त्यालाच विचारू लागला. तीन वर्षांनी घरी आलेल्या माणसाकडे आईशी बोलायला शब्दच नसतील, तर तो घोड्याइतका तरी कसा खिंकाळणार?

वर्षभराने, मार्च १८३४मध्ये, 'बीगल' पुन्हा तिथे गेलं. एका होडीतून केस पिंजारलेला, कंबरेभोवती कातड्याचा तुकडा गुंडाळलेला, वाळलेला माणूस आला. ओळख पटायला वेळ लागला. त्याला कपडे दिले, जेवायला बसवलं. काटे-चमचे त्याने पूर्वीसारखेच सफाईने वापरले. इंग्लंडहून त्याच्याबरोबर परतलेल्या दोघांनी त्याचं सगळं सामान लुटून नेलं होतं. इंग्लंडला परत येतोस का, असं विचारलं तर तो नाही म्हणाला. बायको मिळाली होती. त्याने कॅप्टनसाठी कातडी आणली होती आणि डार्विनसाठी स्वतः घडवलेली भाल्याची दोन टोकं. जहाज निघाल्यावर किनाऱ्यावर त्याने जाळ पेटवला, धूर बराच वेळ दिसत राहिला. 'येतो' म्हणायचं की 'जातो', हा प्रश्न त्यालाही पडला असेल तर कुठल्या भाषेत पडला, कोण जाणे.

जहाज परतलं म्हणजे सफर संपली, हाही एक गैरसमज. 'चॅलेंजर'चं उदाहरण डोळ्यासमोर आहे. समुद्रविज्ञानाची आजीच ती सफर. डिसेंबर १८७२ ते मे १८७६, सुमारे ६९ हजार सागरी मैल, ३६२ स्टेशनं. आमचा प्रत्येक ठिपका त्या ठिपक्यांचा वंशज. परतीची तारीख होती २४ मे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस. निघताना सुमारे २४० माणसं होती, परत आली तेव्हा मूळच्यांपैकी १४४ उरली होती. बाकीचे मेले, आजारी पडून उतरले, किंवा वाटेतल्या बंदरांत सरळ पळून गेले. गाळ उपसायचा, धुवायचा, बाटल्यांत भरायचा, पुन्हा उपसायचा, याचा खलाशांना आलेला कंटाळा मी समजू शकते. रुडॉल्फ फॉन विलमोझ-झूम हा त्या चमूतला सर्वांत तरुण शास्त्रज्ञ. प्रशांत महासागरात, ताहितीच्या वाटेवर, १३ सप्टेंबर १८७५ला तो वारला. वय २८. समुद्रातच पुरला. त्याने आईला लिहिलेली पत्रं १८७७मध्ये पुस्तकरूपाने निघाली. घरी आलं ते एवढंच.

आणि जे परतले, त्यांची सुटका कुठे झाली? अहवालाचे ५० खंड व्हायला १८९५ उजाडलं. साडेतीन वर्षांची सफर आणि १९ वर्षांचा हिशोब. सफरीचा प्रमुख वायव्हिल थॉमसन त्या ओझ्याखाली खचून १८८२मध्येच गेला. पुढचं सगळं जॉन मरेने ओढून नेलं. आमच्याही जहाजावर एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ होते. परतीच्या वाटेवर सगळे डेकवर गाणी म्हणत होते, तेव्हा ते केबिनमध्ये क्रूझ रिपोर्ट लिहीत बसले होते. मी विचारलं, 'सर, येता ना?' ते म्हणाले, 'मी १९९०च्या सफरीतून अजून यायचोय.'

मुरगाव हे परतीचं बंदर म्हणून तसं जुनं. साठच्या दशकात हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. त्यातून १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली आणि पुढे दोनापावलला वसली. तिचं पहिलं संशोधन जहाज 'गवेषणी' १९७६मध्ये आलं. त्याच 'गवेषणी'ने २६ जानेवारी १९८१ला समुद्रतळावरचे मँगनीजयुक्त काळे गोळे वर काढले. दिसायला जळके बटाटेच, पण त्यांच्या जोरावर पुढे हिंदी महासागराच्या तळाचा एक भाग भारताच्या वाट्याला आला.

याच बंदरातून ६ डिसेंबर १९८१ला पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज 'पोलर सर्कल', २१ माणसं, प्रमुख डॉ. एस. झेड. कासिम. ना हार, ना झेंडा, सगळं गुपचूप. ९ जानेवारी १९८२ला ते बर्फावर पोचले तेव्हा देशाला कळलं. २१ फेब्रुवारीला गोव्याला परत आले, तेव्हा मात्र सगळ्यांना माहीत होतं. निघणं लपवलेलं आणि परतणं जाहीर अशी ही एकच मोहीम मला ठाऊक आहे. तिसऱ्या मोहिमेत, १९८३च्या डिसेंबरात, दोन बायका होत्या: कलकत्त्याच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या नागपूरला जन्मलेल्या, औंधच्या पंतांच्या घराण्यातल्या अदिती पंत. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर उतरलेल्या पहिल्या स्त्रिया. आम्ही पोरी 'केबिनमध्ये बायकांची सोय नाही' असं कुणी म्हटलं की दर वेळी अदितीताईंचं नाव तोंडावर मारायचो. त्यांना आम्ही कधी भेटलोही नव्हतो, पण हक्क मात्र पुरेपूर गाजवायचो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पायलटची बोट आली आणि जहाज धक्क्याला लागलं. आधी माणसं उतरत नाहीत, आधी नमुने. उणे ८० अंशाचा फ्रीझर, द्रव नायट्रोजनच्या टाक्या, गाळण्यांच्या कागदांची पाकिटं, फॉर्मॅलिनमधल्या प्लवकांच्या बरण्या. त्यांना उन्हात दहा मिनिटं ठेवलं तर चाळीस दिवस पाण्यात. खाली वातानुकूलित गाडी उभी, तिच्याकडे माणसांची साखळी, आणि प्रत्येक खोका नव्या नवरीसारखा जपून हातोहात जाणारा. एका मुलीचा नवरा फुलं घेऊन आला होता. तिने खुणेनेच थांब म्हटलं, कारण तिच्या हातात बर्फ होता. अर्धा तास तो गेटपाशी फुलं घेऊन उभा राहिला. मग त्यानेही फुलं गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि साखळीत शिरला.

तेवढ्यात धक्क्यावर भाजीचा टेम्पो येऊन लागला. दोन दिवसांत इंधन, पाणी, भाजी भरून जहाज पुन्हा जाणार होतं. शास्त्रज्ञांची नवी तुकडी, नवे ठिपके. आमचा विसर तिथल्या तिथे सुरू झाला होता. माझ्या केबिनच्या दारावरची नावाची चिठ्ठी कुणीतरी काढलीसुद्धा होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा शिरलं, की खलाशी उतरत नाहीयेत. बोसनचा करार सहा महिन्यांचा, त्यातले चार झालेले. रत्नागिरी रेल्वेने चार-पाच तासांवर. पण तो वास्कोत जाऊन दाढी करून येणार, एवढंच.

शिडीपाशी सगळ्यांशी हात मिळवून झाले. सवयीने मी बोसनला म्हटलं, 'येते हं.'

'कुठे येताय?' तो हसला. 'तुमचं घर आलं मॅडम, आमचं अजून नाय.' मग खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढली. 'मांडवीनं मुंबईला जाणार ना? रत्नागिरीला पोरगा येईल, आज्याबरोबर. फोन करून ठेवलाय. एवढं त्याच्या हातात द्या.'

दोन रात्री मी दोनापावलला मैत्रिणीकडे राहिले. जमीन डुलत होती. हे बहुतेकांना होतं, शरीर लाटांना सरावलेलं असतं आणि त्याला कुणी थांब म्हणून सांगितलेलं नसतं. न्हाणीघरात डोळे मिटले की भिंत धरावी लागे. जेवताना मी ताटाखाली ओलं फडकं अंथरलं. जहाजावर ताट घसरू नये म्हणून अंथरतात तसं. मैत्रिणीच्या सासूबाई माझ्याकडे आणि त्या फडक्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, 'सांडलं का गं काही?'

तिसऱ्या दिवशी मांडवी एक्स्प्रेस दुपारी रत्नागिरीला थांबली. मी दारातच उभी होते. शाळेच्या गणवेशातला मुलगा आणि सदरा-लेंग्यातले एक म्हातारे डब्यामागून डबे शोधत धावत आले. मी पुडी दिली. मुलाने तिथेच कागद फाडला, पेला काढला, बोटावर टोपीसारखा चढवला आणि त्यावरचं आपलं नाव वाचलं. 'इयत्ता चौथी पाहिजे,' तो म्हणाला. 'मी चौथीत आहे.'

म्हाताऱ्यांनी फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा पुढे केला. 'एवढा त्याला द्या. कुळथाचं पीठ हाय, नि नारळाच्या वड्या.'

'आजोबा, मी मुंबईला चाललेय. बोट मागे राहिली, मुरगावला.'

त्यांनी गाडीच्या इंजिनाकडे पाहिलं, मग मागे, मग माझ्याकडे. 'म्हणजे तुम्ही बोटीवर नाय जात आता?'

'नाही. माझं संपलं.'

शिट्टी झाली. त्यांनी क्षणभर डबा जवळ ओढला, आणि गाडी हलल्यावर दोन पावलं चालत तो माझ्या हातात कोंबला. 'मग तुम्हीच खावा.'

वड्या पनवेलच्या आत संपल्या. पिठी मी त्या रविवारी केली, तिच्या गुठळ्या झाल्या. डबा मात्र अजून माझ्याकडेच आहे, झाकणावर बोसनचं नाव कोरलेला. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात. त्यात काय घालून पाठवायचं, ते माझं अजून ठरत नाही.